फाशी मागणारा ख्रिस्ती बरोबर की क्षमा सांगणारा?

फोंड्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: एका खुनानंतर निघालेल्या मेणबत्ती मोर्चात त्यांचे ख्रिस्ती शेजारी ‘फाशी द्या’ म्हणून ओरडत होते, आणि त्याच मंडळींनी पुढच्या रविवारी इगर्जीत क्षमेवरचा उपदेश माना डोलावत ऐकला. “बायबलात ‘डोळ्याबद्दल डोळा’ आहे आणि ‘दुसरा गाल पुढे कर’ हेही आहे. मग चर्चची खरी भूमिका कुठली? आणि खुन्यावर दया केली तर ज्यांचं माणूस गेलं त्यांना न्याय कुठून मिळणार?”

मी कॅथलिक आहे, शिकलो सावंतवाडीच्या मराठी शाळेत आणि वकिली करतो म्हापशात, फौजदारी. खुनाचे खटले आरोपीतर्फे लढवले आहेत, तसंच मृताच्या घरच्यांतर्फे सरकारी वकिलाला साहाय्यही केलं आहे. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, पण हा प्रश्न सेमिनरीत जितका शिकवला जातो तितकाच सत्र न्यायालयात शिक्षेच्या सुनावणीला समोर उभा राहतो.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. कॅथलिक चर्चची आजची अधिकृत भूमिका फाशीच्या पूर्ण विरोधात आहे. २ ऑगस्ट २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातला, म्हणजे कॅटेकिझममधला, परिच्छेद २२६७ बदलला. माणसाची प्रतिष्ठा अभंग आहे, अत्यंत घोर गुन्हा केला तरी ती जात नाही, म्हणून देहदंड स्वीकारार्ह नाही, असं तिथे आता लिहिलं आहे. तेव्हा मोर्चात फाशी मागणारे तुमचे शेजारी आपल्याच चर्चच्या शिकवणुकीविरुद्ध बोलत होते. पण एवढ्यावर त्यांना दोष देऊन मोकळं होणं अन्यायाचं ठरेल, कारण त्यांच्या आजोबांच्या काळात हीच घोषणा चर्चच्या शिकवणुकीत बसत होती.

‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’ हे वाक्य मोर्चात सूडाचं घोषवाक्य म्हणून वापरतात. मुळात तो सूडावर घातलेला लगाम होता. टोळ्यांच्या जगात एका डोळ्यासाठी अख्खं कुटुंब कापलं जायचं, तिथे मोशेचं नियमशास्त्र सांगतं की झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. जुन्या करारात देहदंड आहेच, तो लपवण्यात अर्थ नाही. उत्पत्तीच्या ९व्या अध्यायात ‘जो माणसाचे रक्त पाडील त्याचे रक्त माणसाकडून पाडले जाईल’ असा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कारणही दिलं आहे: माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवलेला आहे. फाशीचे ख्रिस्ती समर्थक आजही या ओळीवर उभे राहतात. त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. जीव इतका मोलाचा की तो घेणाऱ्याला आपल्याच जीवाने किंमत मोजावी लागते, असं ते म्हणतात. गंमत अशी की फ्रान्सिस यांचा २०१८चा बदलही त्याच प्रतिरूपावर आधारलेला आहे. फरक एवढाच, की ते प्रतिरूप खुन्यातही शिल्लक राहतं असं त्यांनी धरलं.

वकील म्हणून मला जुन्या करारात शिक्षेपेक्षा पुराव्याचा कायदा जास्त रोचक वाटतो. एका साक्षीदारावर कुणाला मारायचं नाही, दोन किंवा तीन हवेत. दगडमाराच्या शिक्षेत पहिला दगड साक्षीदारानेच उचलायचा, म्हणजे खोटी साक्ष देणाऱ्याचे हात रक्ताने माखणार. चुकून मनुष्यवध झाला तर पळून जाण्यासाठी सहा आश्रयनगरं. आणि गणना या पुस्तकाच्या ३५व्या अध्यायात एक नियम असा आहे की खुन्याच्या जीवाबद्दल खंडणी घ्यायची नाही. म्हणजे श्रीमंताने पैसे टाकून सुटायचं नाही. पुढे यहुदी धर्मपंडितांनी अटी इतक्या कडक केल्या की सात वर्षांत एकाला देहदंड देणाऱ्या न्यायसभेला ‘विध्वंसक’ म्हणावं असा शेरा मिश्ना या त्यांच्या जुन्या नियमसंग्रहात आला, आणि त्यावर आणखी एकाने ‘सात नव्हे, सत्तर’ अशी दुरुस्ती सुचवली.

शिवाय बायबलातला पहिला खुनी काइन. त्याला देव मारत नाही. त्याला हद्दपार करतो आणि कुणी त्याला मारू नये म्हणून त्याच्यावर खूण करतो. मोशेने एका मिसरी माणसाला मारून वाळूत पुरलं होतं. दाविद राजाने आपल्याच सैनिकाला, उरियाला, युद्धात पुढे ठेवून मारवलं. स्तेफन या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याला दगडमार होत असताना, पुढे प्रेषित झालेला पौल तिथे संमती देत उभा होता. या तिघांना त्या त्या वेळी फासावर चढवलं असतं तर पवित्र शास्त्राचा बराच भाग लिहिलाच गेला नसता.

आता नवा करार. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: ‘तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा.’ योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा प्रसंग नाही, पण चर्चने तो पवित्र शास्त्राचा भाग मानला आहे. उपदेशात तो करुणेची गोष्ट म्हणून येतो. मी तो फौजदारी खटल्याच्या नजरेने वाचतो. नियमशास्त्राप्रमाणे पुरुष आणि स्त्री दोघांनाही शिक्षा आहे, मग पुरुष कुठे आहे? त्याला कुणी सोडून दिलं? पहिला दगड साक्षीदाराने मारायचा असतो, आणि येशू नेमकं तेच मागतो. वयाने मोठे असलेले आधी निघून जातात, मग बाकीचे. साक्षीदार उरला नाही की खटला उभा राहत नाही. त्यानंतर तो तिला सांगतो, ‘जा, यापुढे पाप करू नकोस.’ घडलं त्यात काही चूक नव्हती असं तो म्हणत नाही. दयेची चर्चा करताना हा शेवटचा भाग हमखास गाळला जातो, आणि मग दया म्हणजे दुर्लक्ष असा अर्थ पसरतो.

समर्थकांच्या बाजूने सर्वांत भक्कम आधार पौलाचा. रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायात तो म्हणतो की अधिकारी उगाच तलवार बाळगत नाही, तो देवाचा सेवक आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात स्वतःच्या खटल्यात तो म्हणतो, मरणदंडास पात्र असं काही मी केलं असेल तर मी मरायला नाकारत नाही. मात्र १३व्या अध्यायाच्या लगेच आधी, १२व्याच्या शेवटी, ‘सूड घेणे माझ्याकडे आहे, असे प्रभू म्हणतो’ हे वाक्य आहे. दोन्ही एकत्र वाचली तर पौलाचं म्हणणं असं दिसतं: तू सूड घेऊ नकोस, शिक्षा करायचं काम राज्याचं. ती शिक्षा मरणाचीच असावी असा आदेश मला त्यात दिसत नाही, पण ती कधीच असू नये असंही तिथे नाही. ज्याला प्रामाणिक राहायचं आहे त्याने हे मान्य करावं.

आणि क्रूस. गोव्यात चाळीशीच्या उपवासात सांतुश पासोसच्या, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूच्या, मिरवणुका निघतात, पवित्र शुक्रवारी घंटा वाजत नाहीत, अख्खा गाव एका मृत्युदंड झालेल्या माणसाचा शोक करतो. तो खटला कधी कायद्याचा विद्यार्थी म्हणून वाचून पाहा. रातोरात अटक, घाईने चौकशी, खोटे साक्षीदार ज्यांच्या साक्षी एकमेकांशी जुळत नाहीत. निकाल देणारा रोमन सुभेदार पिलात स्वतः म्हणतो की मला या माणसात दोष सापडत नाही. त्याच्याकडे सणानिमित्त एक कैदी सोडण्याचा प्रघात असतो, म्हणजे आजच्या भाषेत दयेचा अधिकार. तो अधिकार तो गर्दीपुढे ठेवतो आणि गर्दी येशूऐवजी बरब्बा नावाच्या कैद्याला निवडते. मोर्चांना माझा विरोध नाही. पोलीस हलत नाहीत तेव्हा मोर्चामुळेच ते हलतात, हे मी पाहिलं आहे. पण शिक्षा किती द्यायची हे घोषणांनी ठरवायला लागलो की आपण कुठल्या अंगणात उभे असतो, हे ख्रिस्ती माणसाला तरी वेगळं सांगायला नको.

सुरुवातीच्या शतकांत ख्रिस्ती लोक स्वतःच मारले जात होते, आणि लॅक्टँशियससारखा लेखक सरळ लिहितो की कुणालाही मारणं, कायद्याने असलं तरी, ख्रिस्ती माणसाला वर्ज्य. मग साम्राज्य ख्रिस्ती झालं आणि भूमिका गुंतागुंतीची झाली. बिशप ऑगस्टिन राज्याचा देहदंडाचा अधिकार मान्य करतो. पण उत्तर आफ्रिकेत विरोधी पंथाच्या लोकांनी त्याच्या एका पाद्र्याचा खून केला आणि दुसऱ्याला जबर जायबंदी केलं, तेव्हा साधारण ४११-१२च्या सुमारास त्याने मार्सेलिनस या सरकारी अधिकाऱ्याला पत्र लिहून विनवलं की आमच्या माणसांच्या यातनांची भरपाई तशाच यातनांनी करू नका. आरोपींना मोकळंही सोडू नका, त्यांना कामाला लावा. मला हे पत्र फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते पीडित पक्षाकडून आलेलं आहे. आणि पुढचं ऐका: दोन वर्षांच्या आतच, ४१३ साली, त्या मार्सेलिनसवरच बंडात सामील असल्याचा आरोप ठेवून त्याला मृत्युदंड दिला गेला.

तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस लिहितो की सडलेला अवयव शरीर वाचवण्यासाठी कापतात, तसा समाजाला घातक माणूस मारणं रास्त आहे. पुढची सात शतकं कॅथलिक विचारावर याच उपमेचं राज्य होतं. माझी अडचण साधी आहे: सडलेला अवयव पश्चात्ताप करत नाही, माणूस करतो. अक्वायनसला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यावर त्याने उत्तरंही दिली आहेत, पण मला ती पटत नाहीत. खुद्द पोपच्या राज्यात जल्लाद होता. जोव्हान्नी बुगात्ती नावाच्या एकाच जल्लादाने १७९६ ते १८६४ या काळात पाचशेहून अधिक लोकांना देहदंड दिला. व्हॅटिकन सिटीच्या कायद्यात पोपच्या हत्येच्या प्रयत्नाला १९२९ पासून १९६९ पर्यंत मृत्युदंड होता. तो वापरला कधीच गेला नाही, पण कागदावर होता.

गोव्यात बसून हे लिहिताना इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायासन, टाळून पुढे जाता येणार नाही. १५६० ते १८१२, मध्ये काही वर्षांचा खंड सोडला तर अडीचशे वर्षं, जुन्या गोव्यात ते न्यायासन होतं. चर्चचे न्यायाधीश स्वतः कुणाला जाळत नसत. दोषी ठरलेल्याला ते मुलकी सत्तेच्या हवाली करत, आणि हवाली करताना त्याच्यावर दया करावी, रक्त सांडू नये, असं कागदावर रीतसर लिहीत. चिता कुठे रचली आहे हे सगळ्यांना माहीत असे. मी अनेक वाईट निकालपत्रं वाचली आहेत, पण दयेचा इतका निर्लज्ज वापर दुसरीकडे पाहिलेला नाही. आमच्या समाजातले काही लोक ‘तेव्हाचा काळच तसा होता’ म्हणून विषय संपवतात. तेव्हाच्या काळात बार्देश-साष्टीतले जे लोक घरदार सोडून पळाले त्यांनाही तो काळ तसा वाटत होता का, हे त्यांनी विचारावं.

त्याच शहरात दुसरी एक संस्था होती, सांता काझा द मिझेरिकोर्दिया. ही सामान्य लोकांची बंधुसंघटना, पोर्तुगालमधल्या तशाच संघटनांच्या धर्तीवर उभी राहिलेली. कैद्यांना अन्न देणं, वधस्तंभाकडे नेल्या जाणाऱ्यांबरोबर चालत जाणं आणि मृत्युदंड झालेल्यांना पुरणं ही या संघटनांची नेमून घेतलेली कामं होती. एकाच धर्माची माणसं, एकाच शहरात. काही जण माणसाला चितेकडे पाठवत होते आणि काही जण त्याच्यासोबत चालत होते. ख्रिस्ती धर्माची ‘खरी’ भूमिका कोणती या तुमच्या प्रश्नाचं इतिहासाने दिलेलं उत्तर मला विचाराल तर ते हे आहे, आणि ते सोयीचं नाही.

इन्क्विझिशनबाहेरही असंच. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मिशनरी मारले गेले. त्याचा बदला म्हणून गावच्या नायकांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून, खटला न चालवता ठार मारण्यात आलं. चर्चने त्या पाच जणांना १८९३ मध्ये ‘धन्य’ घोषित केलं. नायकांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं आहे. पोर्तुगीज सत्ता उलथवण्याचा १७८७चा पिंटोंचा कट फसला तेव्हा पुढच्या वर्षी पंधरा जणांना पणजीत हालहाल करून मारलं. मारणारेही ख्रिस्ती, मरणारेही ख्रिस्ती. कटात पाद्रीही होते, त्यांना मात्र फाशी न देता लिस्बनला कैदेत पाठवलं.

आणि आता एक गोष्ट, जी गोव्यातल्या वकिलांनाही सहसा आठवत नाही. आपण ज्या समान नागरी कायद्याचा अभिमान मिरवतो, तो पोर्तुगीज नागरी कायदा १ जुलै १८६७ रोजी लिस्बनमध्ये मंजूर झाला. त्याच तारखेच्या दुसऱ्या एका कायद्याने पोर्तुगालने मुलकी गुन्ह्यांसाठीची फाशी रद्द केली. राजकीय गुन्ह्यांची ती १८५२ मध्येच गेली होती. १८७० मध्ये ही बंदी समुद्रापारच्या वसाहतींना, म्हणजे गोव्यालाही, लागू झाली. दादा राणे यांचं बंड मोडल्यावर त्यांना तिमोरला हद्दपार केलं गेलं. तोवर मुलकी कायद्यात फास उरला नव्हता. मुक्तीनंतर भारतीय दंड संहिता आली आणि तिच्याबरोबर कलम ३०२ची फाशी गोव्यात परतली. नागरी कायदा आपण जपून ठेवला, त्याचा जुळा भाऊ कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

यावरून पोर्तुगीजांना दयाळू ठरवायला मी निघालेलो नाही. फाशी नसलेल्या त्याच राज्यात १९५५ साली अस्नोड्याच्या बाळा राया मापारी यांचा पोलीस कोठडीत छळ होऊन मृत्यू झाला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. कायद्यातून फास काढला म्हणून राज्य आपोआप ख्रिस्ती किंवा माणुसकीचं होत नाही. कोठडीतल्या मारहाणीवर गप्प बसून फक्त फाशीविरुद्ध बोलणाऱ्या धार्मिक मंडळींना मी हे नेहमी ऐकवतो.

चर्चचं वळण विसाव्या शतकाच्या शेवटी बदललं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘इव्हांजेलियुम व्हीते’ या विश्वपत्रात म्हटलं की आजच्या तुरुंगव्यवस्थेत समाजाचं रक्षण माणसाला न मारताही होऊ शकतं, त्यामुळे फाशी अपरिहार्य ठरेल अशी प्रकरणं जवळपास उरलेलीच नाहीत. १९९७ मध्ये कॅटेकिझम त्याप्रमाणे सुधारला, आणि २०१८ मध्ये ‘जवळपास’ हा शब्दही गेला. काही कॅथलिक विद्वान म्हणतात की आधी रास्त होतं ते नंतर निषिद्ध कसं होईल, ही तर शिकवणुकीशी फारकत झाली. मला वाटतं त्यांचा आक्षेप अभ्यासाचा आहे, उडवून लावण्यासारखा नाही. तरीही गुलामगिरीबाबत चर्चची समज बदलली ती चांगल्यासाठीच, हे तेही मान्य करतात.

इतर चर्च एकमताची नाहीत. लूथर आणि कॅल्व्हिन हे प्रोटेस्टंट सुधारक दोघेही राज्याची तलवार मान्य करणारे. कॅल्व्हिनच्या जिनिव्हात १५५३ साली सर्वेटस नावाच्या विद्वानाला पाखंडाबद्दल जाळलं. ॲनाबॅप्टिस्ट आणि क्वेकर हे पंथ पहिल्यापासून विरोधात. अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने १९८८ मध्ये फाशीविरुद्ध ठराव केला, तर अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी २००० साली समर्थनाचा. गोव्यात जे ‘बिलिव्हर्स’ म्हणून ओळखले जातात त्यांच्यात तुम्हाला दोन्ही मतं ऐकू येतील, आणि दोघेही बायबल उघडूनच बोलतील.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. दया केली तर न्यायाचं काय?

इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. क्षमा ही फक्त ज्याच्यावर अन्याय झाला त्याची. शिक्षा ठरवणं हे न्यायालयाचं काम. आणि शिक्षा कमी करणं ही राज्यप्रमुखाची सत्ता, आपल्याकडे राष्ट्रपतींची कलम ७२ खाली आणि राज्यपालांची कलम १६१ खाली. पाद्री व्यासपीठावरून ‘आम्ही खुन्याला क्षमा करतो’ असं म्हणतात तेव्हा मला अस्वस्थ वाटतं. तुमची मुलगी गेली का? तुम्ही कोण क्षमा करणारे? आई अजून रडतही नाही, सुन्न बसली आहे, आणि तिला कुणी येऊन सांगतं की क्षमा केलीस तर मन हलकं होईल. असा दबाव हा दुसरा अत्याचार आहे. क्षमा कुणी मागून घेऊ शकत नाही, आणि ती न करणारी आई कमी ख्रिस्ती ठरत नाही.

जिथे ती आपसूक आली तिथे काय झालं ते पाहा. ओडिशात मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं, पण कायद्याने आपलं काम करावं यालाही त्यांनी आडकाठी केली नाही. मुख्य आरोपीला २००३ मध्ये फाशी झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. क्षमा झाली आणि तुरुंगही झाला. एकाने दुसऱ्याला रोखलं नाही. मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांची १९९५ मध्ये बसमधून ओढून हत्या झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टर, पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला तो वर्षानुवर्षं शिक्षा भोगून आणि कुटुंबाने त्याच्या सुटकेला पाठिंबा दिल्यावर. कायद्यानेही हे असंच आहे: खून हा तडजोडपात्र गुन्हा नाही. घरच्यांनी क्षमा केली तरी खटला चालतो. पैशाने सुटका नको हा गणनातला नियम आणि आपला कायदा इथे एकाच बाजूला आहेत.

फाशीविरुद्धचा माझा स्वतःचा मुद्दा मात्र धर्मशास्त्रातून आलेला नाही, तो फाइलींमधून आला आहे. १९८०च्या बच्चन सिंग निकालाने फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणांपुरती ठेवली. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे आणि फाशी द्यायची तर न्यायाधीशाने विशेष कारणं लिहायला हवीत. प्रत्यक्षात शिक्षेची सुनावणी अनेकदा दोषी ठरवल्यानंतर काही तासांत उरकली जाते. आरोपीचं बालपण, मानसिक स्थिती, तुरुंगातली वागणूक याची माहिती आणायला वेळच नसतो. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाला ही माहिती गोळा करण्याचे निर्देश द्यावे लागले. कोलवाळच्या तुरुंगात ज्यांच्याकडे चांगला वकील नाही असे किती जण आहेत हे तिथे भेटायला जाणाऱ्या सिस्टरना विचारा.

आणि चूक. महाराष्ट्रातल्या २००३च्या एका हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी पक्की केली. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, कारण तपासच बनावट निघाला. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. ते जिवंत सुटले ते न्यायाला उशीर झाला म्हणून. २००४ ते २०२० या काळात देशात आठ जणांना फाशी दिली गेली. या सहा जणांची भर त्यात पडू शकली असती. अशी चूक करू शकणाऱ्या यंत्रणेच्या हातात, कधीच मागे घेता न येणारी शिक्षा देऊ नये, एवढं माझं म्हणणं आहे. त्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही. न्यायमूर्ती अजित शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने २०१५च्या २६२व्या अहवालात दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी अशी शिफारस केली, ती धर्माच्या आधारावर नव्हती.

मग ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय? फाशीची मागणी करणाऱ्या कुटुंबांशी बोलताना मला दिसतं की बहुतेकांना आधी तीन गोष्टी हव्या असतात: खरं काय घडलं ते कळावं, गुन्हेगार पुन्हा दारात दिसू नये आणि आपलं कुणीतरी ऐकून घ्यावं. हे कुणी देत नाही, म्हणून मग एकच मोठा शब्द उरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद प्रकरणात ठरवलं की ठरावीक वर्षं किंवा मरेपर्यंत सुटका नाही अशी जन्मठेप देता येते. फाशी न मागताही कडक शिक्षा मागता येते, हे अनेकांना माहीतच नसतं.

तेव्हा तुमच्या शेजाऱ्यांचा त्या कुटुंबाशी संबंध असेल तर त्यांना सांगा: मृताच्या घरच्यांना आपला वकील नेमून सरकारी वकिलाला साहाय्य करता येतं. आरोपी सुटला किंवा कमी गुन्ह्यात दोषी ठरला तर त्यांना स्वतः अपील करता येतं. मात्र शिक्षा वाढवून मागायची तर ते अपील सरकारने करावं लागतं, म्हणून सरकारी वकिलाच्या मागे वेळेत लागायला हवं. पीडित भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्याला खटला संपण्याची वाट पाहावी लागत नाही. इगर्जीतल्या ज्या मंडळींनी मोर्चात मेणबत्त्या धरल्या, त्यांच्यातल्या दोघांनी खटल्याच्या प्रत्येक तारखेला त्या आईसोबत कोर्टात येऊन बसावं. तारखा पुष्कळ पडतात आणि तिसऱ्या-चौथ्या तारखेनंतर ती बहुतेक वेळा एकटीच आलेली असते.